थोरलीचं पान

जीपच्या पुढच्या काचेखाली मुठीएवढा एक दिवा बसवलेला होता. तो हिरवा होता. हेमांगीने ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला आणि सगळ्यात आधी त्या दिव्याकडेच पाहिलं. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या बाबांच्या जीपमध्येही तो असाच हिरवा होता. अगदी शेवटपर्यंत. चौकशीत एवढी एक गोष्ट कुणीच नाकारली नव्हती.

"नमस्कार मंडळी! मी दर्शना भगत, तुमची गाइड आणि तुमची ड्रायव्हरही," स्टिअरिंगवर बसलेली तिशीतली मुलगी मागे वळून म्हणाली. "दोन तासांची फेरी आहे. हात-पाय गाडीबाहेर काढायचे नाहीत. आणि गाडीत बोललेलं सगळं नोंदलं जातं, नियमच आहे तो. नवराबायकोला भांडायचं असेल तर खाली उतरून भांडा."

मागच्या सीटवर जालन्याहून आलेलं नवं जोडपं होतं, ते लाजून हसलं. त्यांच्यामागे सांगलीचे गुर्जर आणि त्यांच्या पत्नी सुलभाताई. गुर्जर पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. गेटवरच्या नकाशातली एक चूक त्यांनी आल्याआल्याच दाखवून दिली होती.

"आमची भांडणं पस्तीस वर्षांपूर्वीच नोंदून झालीत," सुलभाताई म्हणाल्या.

हेमांगी हसली नाही. तिकिटावर तिने फक्त पहिलं नाव लिहिलं होतं. मढवी हे आडनाव वाचलं की इथल्या कुणाच्याही कपाळावर आठी आली असती. तिच्या पिशवीत तीन पानांचं निवेदन होतं, सोमवारी चौकशी समितीपुढे वाचायचं. आज शनिवार. निवेदनात तिने लिहिलं होतं की त्या दिवशी यंत्र बिघडलं होतं, आणि तिचे बाबा हरेश्वर मढवी यांचा काहीही दोष नव्हता. वाचण्याआधी ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून ती आली होती. एवढंच.

जीप आवाज न करता निघाली आणि पाच मिनिटांत शहर नाहीसं झालं.

या डोंगराला एकेकाळी दगडखाणींनी पोखरून काढलं होतं. खाडीपलीकडच्या त्या सगळ्या नव्या शहराचा पाया इथून गेला. खडी संपली, खाणी बंद पडल्या, आणि मागे राहिल्या डोंगराच्या पोटात कोरलेल्या राक्षसी पायऱ्या आणि तळाशी हिरवट पाण्याचं तळं. अठरा वर्षांपूर्वी त्या पायऱ्यांवर माती अंथरली गेली. शहराचं सांडपाणी शुद्ध करून वर्षातले आठ महिने त्याचं धुकं फवारायला सुरुवात झाली, आणि सह्याद्रीतली सदाहरित झाडं दाटीवाटीने लावली गेली. अंजनी, पिसा, सुरंगी, रातांबा, रानजायफळ. आता भर दुपारी इथे डोक्यावर आभाळ दिसत नसे. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. लोक त्याला खाणरान म्हणत.

हरेश्वर मढवींनी वीस वर्षं याच खाणीत सुरुंगासाठी भोकं पाडली होती. नंतर त्याच हातांनी रोपं लावली. आणि अकरा वर्षं जीप चालवली.

"हे आमचं नाक," दर्शनाने बॉनेटवरच्या चकचकीत नळीकडे बोट दाखवलं. "कापलेल्या गवताचा वास कुणाकुणाला आवडतो?"

मागच्या चौघांचे हात वर झाले.

"ती गवताची बोंब असते. कुणीतरी मला कापतंय, म्हणून. आपण त्याच्यावर चादर टाकून डबा खातो."

मग तिने सांगितलं ते हेमांगीला पाठ होतं. घरी जेवताना बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. झाडाला सुरवंटाने कुरतडलं की झाड काही ठरावीक द्रव्यं हवेत सोडतं. शेजारच्या झाडाला ती पोचतात. ते आपली पानं आधीच कडू करून ठेवतं, आणि तोच वास स्वतःही पुढे सोडतं. मुळांचंही तसंच. उतारावरची माती सरकायला लागली की केसासारखी बारीक मुळं एकेक करून ताणतात, तुटतात. दरड कोसळण्याच्या कित्येक तास आधी. झाड तेव्हाही तीच हाक देतं. जीपवरचं नाक हवा ओढून घेतं आणि ती हाक वाचतं. सगळं ठीक असेल तर दिवा हिरवा, कुरबुर असेल तर पिवळा, धोका असेल तर लाल.

"म्हणजे एक झाड ओरडलं की यंत्राला कळतं?" गुर्जरांनी विचारलं.

"नाय साहेब. एका झाडाचा वास फार पुसट असतो. शेजारच्यांनी तो उचलला, त्यांच्या शेजारच्यांनी उचलला, की मग नाकाला कळतं. एकाने आग म्हटलं आणि सगळी चाळ ओरडली, तसं."

"आणि चाळीने लक्षच नाही दिलं तर?"

"आमची चाळ तशी नाय," दर्शना म्हणाली.

आठ दिवस सलग पाऊस पडून आज पहाटे उघडला होता. पानांवरून अजून पाणी ठिबकत होतं. वारा अजिबात नव्हता.

चौथ्या थांब्यावर दालचिनीचं एक भलंथोरलं झाड होतं. दर्शना खाली उतरली, झाडाच्या खोडावर हात ठेवला आणि म्हणाली, "ही थोरली. या वाटेवर लावलेलं पहिलं झाड. आता बघा हां, हिला बोलतं करते." तिने वाकलेल्या फांदीवरचं एक पान धरलं. "माफ कर गो, थोरले."

हेमांगीने पिशवीचा पट्टा घट्ट धरला. ते शब्द, तो 'गो', तो किंचित लाडिक सूर, सगळं बाबांचं होतं.

पान तुटलं. दर्शनाने ते बोटांत चुरडलं. सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. हिरवा.

"आज झोपलीय वाटतं," ती हसून म्हणाली आणि दुसरं पान तोडलं. मग तिसरं. दिवा हिरवाच. मग तिने बोटाएवढी जाड एक डहाळी कडकन मोडली, आणि बऱ्याच वेळाने, अनिच्छेने, दिवा पिवळा झाला. नव्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या.

"लाल नाही झाला," गुर्जर म्हणाले. "तुमच्या जाहिरातीत लाल होतो."

"व्हायचा, साहेब. मी नवीन होते तेव्हा एका पानात लाल व्हायचा. आता डहाळी लागते." दर्शना परत गाडीत बसली. तिच्या बोटांना वास येत होता, गोडसर आणि तिखट.

हेमांगीच्या लहानपणी बाबांच्या हाताला सुरुंगाच्या दारूचा वास यायचा. हा वास नंतरचा. शेवटच्या अकरा वर्षांचा. सणावाराला घरी गेली की ते तिच्या नाकापुढे बोटं धरायचे, "ओळख, आज कुणाकुणाशी बोललो?" आणि शवागारात, पांढऱ्या चादरीबाहेर राहिलेला त्यांचा उजवा हात तिने उचलून आत ठेवला, तेव्हाही बोटांना चिखलाच्या वासाखाली हाच वास होता.

म्हणजे त्या दिवशीही त्यांनी पान तोडलं होतं. तोडणारच. रोज तोडायचे.

जीप पुढे निघाली. हेमांगीच्या मनात मात्र काहीतरी थोरलीपाशीच अडकून राहिलं. ती एका मोठ्या इस्पितळात लहान बाळांची श्रवणशक्ती तपासायची. बाळाच्या मागे खुळखुळा वाजवायचा. बाळ दचकतं, मान वळवतं. पुन्हा वाजवायचा, पुन्हा वळवतं. आठव्या-दहाव्या वेळी वळवत नाही. नवे डॉक्टर घाबरून लिहितात, ऐकू येत नाही. मग ती त्यांना थांबवते आणि घंटा वाजवते. बाळ लगेच वळतं. कान शाबूत असतात. खुळखुळ्यात काही अर्थ नाही एवढं बाळाला कळून चुकलेलं असतं. आणि झाडंही शिकतात. बाबांनीच दाखवलं होतं, परसात. लाजाळूचं रोप कुंडीसकट जरासं उचलून खाली सोडायचं. पानं मिटतात. पुन्हा सोडायचं. पन्नास वेळा सोडलं की पानं मिटेनाशी होतात, आणि पुढे महिनाभर ते रोप हे विसरत नाही.

एका पानात लाल व्हायचा. आता डहाळी लागते.

"रोज किती गाड्या फिरतात?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"तीस फेऱ्या होतात, मॅडम."

"आणि प्रत्येक थांब्यावर पान तोडतात?"

"पाच थांबे आहेत. लोकांना तेवढंच तर आवडतं."

दिवसाला दीडशे हाका. अकरा-बारा वर्षं. आणि त्यातली एकही खरी नाही. सुरवंट आला नाही, दरड आली नाही. नुसत्या टाळ्या.

समोर वळण आलं. वळणापुढे डोंगराच्या अंगाला बिलगून तिसरी पायरी सुरू होत होती: चारशे मीटरची अरुंद वाट, डावीकडे उतार धरून ठेवणारी दगडी भिंत, उजवीकडे खाली तळं. मधोमध नवीन सिमेंटचा एक पट्टा दिसत होता. जुन्या भिंतीत तो पांढऱ्या टाक्यासारखा उठून दिसत होता. दरड तिथे आली होती. चार प्रवासी हातपाय मोडून वाचले, त्यांतल्या एका बाईंचा पाय कायमचा गेला. हरेश्वर मढवी वाचले नाहीत.

दिवा हिरवा होता.

"पुढे नेऊ नका," हेमांगी म्हणाली.

दर्शनाने तिच्याकडे पाहिलं. मग गाडी वळणावरच्या कठड्याशी उभी केली. "मंडळी, पाच मिनिटं. इथून तळ्याचा फोटो फार छान येतो."

चौघं उतरून कठड्याकडे गेले. दर्शनाने चावीवर हात तसाच ठेवला. "ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "मी गेटवरच ओळखलं तुम्हाला. काकांच्या मोबाइलवर तुमचा फोटो असायचा, पदवीच्या काळ्या झग्यातला. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीही बोलले नाही. तिथं फूल वाहायचंय का? मी गाडी थांबवते, कुणी विचारणार नाही."

"फूल नाही आणलं मी." हेमांगीने दिव्याशेजारच्या बारीक छिद्राकडे पाहिलं. "नोंद चालू आहे?"

"कायम. ती इथंच गाडीत साठते. संध्याकाळी उतरवून घेतात."

पिशवीतली तीन पानं मांडीला टोचत होती. ती तिने चार महिने लिहिली होती. आईने प्रत्येक ओळ ऐकून मान डोलवली होती. गावात चहाच्या टपरीवर अजूनही कुणीतरी म्हणायचं, मढवीने लोकांना मारायला नेलं. आणि आई आता त्या रस्त्याने जात नसे.

"पान तोडायला सुरुवात कुणी केली?" तिने विचारलं.

"काकांनीच. त्यांचं बघून आम्ही सगळे शिकलो. का?"

"मग ऐक. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते बरोबर सांगत होतं, की वास नाही. कारण झाडांनी हाक उचलायचंच सोडलंय. दीडशे वेळा रोज खोटी आग, खोटी आग. चाळ ऐकेल किती दिवस? थोरलीला आता डहाळी लागते, हे तूच म्हणालीस. या वाटेवरची सगळी झाडं बाबांनी गप्प केली. लोकांना झाडं आवडावीत म्हणून केली. त्यांना कळलं नाही. मलाही आत्तापर्यंत कळलं नव्हतं."

दर्शनाचा चेहरा कठोर झाला. "काकांबद्दल असं बोलू नका."

"मी बोलणार नाही तर कोण बोलेल?"

"मुलगी ना तुम्ही त्यांची! सोमवारी त्यांची बाजू मांडणार म्हणून आम्ही सगळे वाट बघतोय. मला काकांनी गाडी शिकवली. माझ्या बापाने नाय शिकवली, काकांनी शिकवली." तिने डोळे पुसले नाहीत, फक्त भराभर पापण्या हलवल्या. "आणि दिवा हिरवा असताना गाडी थांबवली तर मेमो मिळतो. मागे दुसरी गाडी आहे, वीस मिनिटांवर. कंट्रोलला काय सांगू? पाहुण्यांना वाटतंय म्हणून?"

"तपासून बघता येईल. जिथं कुणी कधी पान तोडलेलं नाही अशी झाडं आहेत का जवळ?"

दर्शनाने मान वर केली. भिंतीच्या वर, साठ-सत्तर कातळी पायऱ्यांवर, एक तारेचं कुंपण दिसत होतं. "पहिल्या वर्षाची लावणी. काकांच्या हातची. तिकडे पाहुण्यांना नेत नाहीत."

तिने सीटखालून टॉर्चएवढं छोटं नाक काढलं. त्याच्याही टोकाला तसाच दिवा होता.

दोघी पायऱ्या चढू लागल्या. खालून गुर्जर ओरडले, "अहो, आम्हाला सोडून कुठे?" दगड शेवाळलेले होते. दर्शना छोटं नाक पुढे धरून चढत होती आणि हेमांगी पायांकडे न बघता फक्त दिव्याकडे बघत होती. वीस पायऱ्या. हिरवा. चाळीस. हिरवा. हेमांगीला वाटलं, हिरवाच राहावा. आपण खोटं ठरावं, खाली जाऊन या पोरीची माफी मागावी, आणि सोमवारी तीन पानं होती तशी वाचावीत.

कुंपणाचं फाटक गंजलं होतं. दर्शनाने खांद्याने ढकललं. दोघी आत गेल्या, आणि दिवा काही करण्याआधीच हेमांगी जागच्या जागी थांबली.

गोडसर, तिखट. बाबांच्या बोटांचा वास.

इथे कुणीही पान चुरडलेलं नव्हतं. माणसाच्या साध्या नाकाला कळावा इतका तो दाट होता. झाडं स्तब्ध उभी होती, एक पानही हलत नव्हतं, आणि सगळं रान एकाच स्वरात ओरडत होतं.

छोट्या नाकाचा दिवा पिवळा न होता थेट लाल झाला.

दर्शनाने तो हातावर आपटून पाहिला. लाल. फाटकाबाहेर हात काढला. थोड्या वेळाने हिरवा. आत नेला, लाल. "आई गं," ती एवढंच म्हणाली.

उतरताना त्या पडल्या कशा नाहीत कुणास ठाऊक. खाली गुर्जर भिंतीपाशी उकिडवे बसले होते. भिंतीतून पाणी बाहेर पडावं म्हणून ठरावीक अंतरावर नळ्या ठेवलेल्या होत्या, त्यांतल्या एकीत त्यांनी बोट घातलं होतं. त्यांचा इतका वेळचा मिश्किल चेहरा पार बदलला होता.

"ह्या कोरड्या आहेत," ते म्हणाले. "आठ दिवस पाऊस पडला आणि एकाही नळीतून थेंब नाही. पाणी गेलं कुठे?" आणि मग स्वतःच, नळीतून बोट काढून घेत, "आतच आहे सगळं."

"साहेब, सगळ्यांना घेऊन आलो त्या वाटेने चालत सुटा. थोरलीपर्यंत. थांबू नका," दर्शना म्हणाली, आणि तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "कंट्रोल, सात नंबर. तिसऱ्या पायरीच्या वळणावर. मागची गाडी थोरलीलाच थांबवा."

"सात नंबर, तुमचं नाक हिरवं दिसतंय. अडचण काय?"

"वरच्या लावणीत लाल आहे."

"वरची लावणी मार्गात येत नाही. हिरव्यावर थांबायचं नाही, माहीत आहे ना? पुढे चला."

दर्शनाने एकदा जीपकडे पाहिलं, एकदा हेमांगीकडे. "नाही जाणार," ती म्हणाली. "मेमो काढा. पण मागच्या गाडीत माणसं आहेत, तिला थांबवा. काकांची शपथ आहे तुम्हाला."

पलीकडे खरखर झाली. मग आवाज आला, थोडा खाली उतरलेला. "थांबवतो."

दर्शना जीपकडे धावली. "उलटी घेते, तीनशे मीटर तर आहे—"

हेमांगीने तिचा दंड धरला. "राहू दे."

"सरकारी मालमत्ता आहे, ताई!"

"राहू दे म्हणते ना!" हेमांगी कधी कुणावर ओरडत नसे. तिच्या ओरडण्याने ती स्वतःच दचकली. दर्शना मात्र चालू लागली.

त्या दोघी दीडशे पावलं गेल्या असतील. आधी आवाज आला नाही. आधी त्यांच्या मागच्या झाडांचे शेंडे, सगळे एकदम, कुणी नमस्कार करावा तसे तळ्याकडे झुकले. मग जमिनीतून एक दीर्घ घरघर पायांत चढली. भिंत मधून फुगली आणि फुटली, नवीन सिमेंटचा पट्टा तेवढा क्षणभर एकटाच उभा राहिला, आणि मग लाल चिखल, दगड, मुळांसकट झाडं असं सगळं वळणावर आलं. जीप खेळण्यासारखी उचलली गेली. तिच्या काचेखालचा तो दिवा झाडाझुडपांतून खाली जाताना एकदा चमकला. हिरवा.

पाण्याचा आवाज झाला. नंतर बराच वेळ फक्त खडे घरंगळत होते.

दर्शना रस्त्यात मटकन बसली. हेमांगी तिच्याजवळ बसली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तशीच राहिली. त्या दिवशी बाबांना किती वेळ मिळाला असेल, हा प्रश्न तिने चौदा महिने कुणाला विचारला नव्हता. आता तो विचारायची गरज उरली नाही. त्यांनी दिव्याकडे पाहिलं असणार, आणि विश्वास ठेवला असणार.

"ताई," दर्शना म्हणाली. "नोंद पाण्यात गेली."

हेमांगीने मान वळवली.

"तुम्ही गाडीत जे बोललात ते फक्त मी ऐकलंय. पाहुणे कठड्याशी होते." ती चिखलाकडे बघत बोलत होती. "मी सांगेन, नळ्या कोरड्या दिसल्या म्हणून थांबलो. गुर्जरसाहेब सांगतील, तेही खरंच आहे. सोमवारी तुम्ही तुमचं वाचा. आज दुसऱ्यांदा झालंय. आता यंत्रालाच दोष देतील सगळे. काका सुटतील."

ते खरं होतं. इतकं सोपं झालं होतं की हेमांगीला भीती वाटली. नवी नाकं येतील, जास्त महागडी, जास्त चकचकीत. आईला टपरीवरून मान वर करून जाता येईल. आणि उद्या सकाळी पहिल्या फेरीची गाडी थोरलीपाशी थांबेल, कुणीतरी म्हणेल, माफ कर गो, आणि कडकन डहाळी मोडेल. पुढच्या पावसाळ्यात, किंवा त्याच्या पुढच्या. नव्या नाकालाही ऐकायला कुणीतरी बोलायला हवं.

"चल," ती म्हणाली.

थोरलीखाली बाकीची मंडळी होती. मागची जीपही तिथेच थांबलेली. जालन्याच्या मुलीने दोघींना बघून रडायला सुरुवात केली. सुलभाताईंनी आपली पाण्याची बाटली दर्शनाच्या हातात दिली. जवळून जाताना दर्शनाचा हात सवयीने खालच्या फांदीकडे गेला. मध्येच थांबला. तिने तो मागे घेतला आणि ओढणीला पुसला.

हेमांगी खोडासमोर उभी राहिली. वाकलेल्या फांदीवर, हाताच्या उंचीवर, एकही पान शिल्लक नव्हतं. सगळी देठं तुटकी होती, जुनी काळी पडलेली, नवी अजून ओली. तिने त्यांना हात लावला नाही.

"माफ कर गो, थोरले," ती म्हणाली, आणि चालू लागली.

गेटवरच्या कार्यालयात एक तरुण अधिकारी कोरा कागद घेऊन बसला होता. गुर्जरांनी नळ्यांबद्दल सांगितलं, आकृती काढून दाखवली. अधिकाऱ्याने भराभर लिहून घेतलं. मग त्याने हेमांगीकडे पाहिलं. "गाडी थांबवायला सगळ्यात आधी तुम्ही सांगितलं म्हणे. तेव्हा तर कुणी नळ्या पाहिल्याही नव्हत्या. तुम्हाला कसं कळलं?"

दाराशी उभ्या असलेल्या दर्शनाने मान खाली घातली. तिच्या मुठी आवळलेल्या होत्या.

हेमांगीने पिशवीतून तीन पानं काढली. त्यांची घडी उलगडली, ती उलटी करून टेबलावर पसरली. मागची बाजू कोरी होती.

"मी स्वतः लिहून देते," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल. सुरुवात अकरा-बारा वर्षांपूर्वीच्या एका पानापासून करावी लागेल. आणि आजपासून या वाटेवर कुणी पान तोडायचं नाही, एवढं मात्र तुम्ही आत्ताच, मी लिहायच्या आधी, सगळ्या गाड्यांना कळवा."

अधिकाऱ्याने गोंधळून फोन उचलला. बोलणं झाल्यावर त्याने आपला कागद पुढे ओढला. "तुमचं पूर्ण नाव? तिकिटावर अर्धंच आहे."

"हेमांगी हरेश्वर मढवी."

पेन थांबलं. त्याने वर पाहिलं.

"हो," हेमांगी म्हणाली. "लिहा. मधलं नाव नीट लिहा."